दोनशे सत्तावन्नावी ऑर्डर

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. फर्स्ट इयरला सी लँग्वेजच्या पेपरात ‘डायनॅमिक मेमरी ॲलोकेशन उदाहरणासह स्पष्ट करा’ असा प्रश्न होता आणि तो मी बिनधास्त ऑप्शनला टाकला होता. मॅलॉक, कॅलॉक, रिअलॉक, फ्री... परीक्षेच्या आदल्या रात्री ही चारही भावंडं मला एकसारखीच दिसायला लागली होती. त्यातल्या तिसऱ्याने पुढे मला असा काही हिसका दाखवला, की त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझं घर रोह्याला आणि आजोळ पेणला. मधे निडी, नागोठणे आणि कासू एवढीच स्टेशनं. त्यामुळे लहानपणापासून सुट्टी म्हणजे पेण, आणि पेण म्हणजे गणपती! मामाचा मूर्तींचा कारखाना आहे. कारखाना म्हटल्यावर चिमणी-भोंगा डोळ्यासमोर आणू नका. पेण, हमरापूर, जोहे या भागात पत्र्याच्या शेडमध्ये, घराच्या पडवीत, जिथे जागा मिळेल तिथे मूर्ती बनतात आणि त्या जागेला कारखानाच म्हणतात. साच्यातून निघालेले पांढरे गणपती रांगेने वाळत असतात. आपण त्यांच्यामधून अंग चोरून चालायचं आणि मामाची ‘अरे धक्का लागेल!’ ही आरोळी ऐकायची.

मामाचा मोठा माल कच्चा, म्हणजे न रंगवलेलाच, व्यापाऱ्यांकडे जातो. पण दीडेकशे घरगुती गिऱ्हाइकं पिढ्यान्पिढ्यांची. ही मंडळी आषाढ-श्रावणात येतात, आपला पाट ठेवून जातात, पाटाखाली नाव लिहिलेलं असतं, थोडा ॲडव्हान्स देतात आणि गणपती त्याच पाटावरून घरी जातो. या सगळ्याचा हिशोब मामीच्या वहीत. मामी फक्त दहावी शिकलेली, पण तिच्या वहीची पद्धत ऐकण्यासारखी आहे. वही भरत आली की ती जास्तीची पानं टाचत नाही (‘टाचलेली पानं गळतात रे’). ती सरळ दुप्पट पानांची नवी वही आणते, एका दुपारी बसून सगळ्या ऑर्डरी उतरवून काढते आणि जुनी वही रद्दीत! गिऱ्हाइकाला जी चिठ्ठी द्यायची तिच्यावर पानाचा नंबर कधी लिहीत नाही, ऑर्डरचा नंबर लिहिते. मी लहान असताना एकदा विचारलं होतं, पान लिहिलं तर पटकन नाही का सापडणार? ती म्हणाली, ‘वही बदलली की पान बदलतं. माणसाचा नंबर बदलतो होय?’ मी तेव्हा शेंगदाणे खात होतो. फारसं लक्ष दिलं नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात फर्स्ट इयर संपलं, आणि सी येतं म्हणजे आपण बिल गेट्सच, अशा थाटात मी मामाला म्हटलं, ‘तुमची वही आता बंद. मी प्रोग्रॅम करून देतो.’ मामा खूश झाला. मामी काही बोलली नाही. मी विचारलं, ‘जास्तीत जास्त ऑर्डरी किती?’ ती म्हणाली, ‘दीडशेच्या वर नाही जात.’ मी उदारपणे दोनशेचा ॲरे घेतला. नाव, फोन, मूर्तीची उंची, रंग, ॲडव्हान्स असं एक स्ट्रक्चर, आणि त्याच्या दोनशे जागा. त्याच्या खाली मूर्तींच्या भावांचा एक छोटा ॲरे.

आता झालं असं की त्या वर्षी जवळचा एक कारखाना बंद पडला आणि तिथली गिऱ्हाइकं मामाकडे आली. गौरी-गणपतीच्या आठ-दहा दिवस आधी दोनशे एकावी ऑर्डर आली, आडनाव पाटील. (पेणला पाटलांना काय तोटा!) मी टाइप केलं, एंटर मारला, काहीही कुरकुर नाही. पुढच्या बाईंनी नऊ इंची मूर्तीचा भाव विचारला. स्क्रीनवर आकडा आला : १७६ कोटी ९२ लाख ३४ हजार ७६८ रुपये.

बाई म्हणाल्या, ‘शाडूची आहे का?’

शेड हसून हसून लोळली. मी मात्र घामाघूम. रात्री डोकं धरून बसल्यावर उलगडा झाला. सी मध्ये ॲरे म्हणजे एकाला एक लागून मांडलेले पाट. दोनशे पाट मांडले आणि दोनशे एकावा गणपती ठेवायला गेलात, तर सी तुम्हाला ‘जागा नाही’ असं म्हणत नाही. पलीकडे जे काही असेल त्याच्या डोक्यावर तो गणपती नेऊन ठेवते! माझ्या दोनशे जागांच्या पलीकडे भावांचा ॲरे होता. त्यामुळे पाटलांच्या नावाची इंग्रजी पहिली चार अक्षरं, पी-ए-टी-आय, बरोबर नऊ इंची मूर्तीच्या भावाच्या चार बाइट्सवर जाऊन बसली. ती चार अक्षरं एक पूर्णांक म्हणून वाचली की १७६ कोटी होतात. विश्वास नसेल तर ॲस्कीचा तक्ता घेऊन करून बघा, शेवटचं अक्षर सगळ्यात वजनदार धरायचं. मला त्यात त्याही परिस्थितीत मजा वाटली होती, हे मामाला सांगू नका.

डेनिस रिचीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये सी तयार केली ती युनिक्सच्या कामासाठी. मशीन लहान, मेमरी महाग. दरवेळी ‘दोनशेच्या आत आहे ना’ हे तपासायला वेळ घालवायचा नाही, ते प्रोग्रॅमरने बघून घ्यावं, असा सगळा मामला. रिचीसारख्या माणसाला ते ठीक होतं हो! आमच्यासारख्यांचं काय?

त्या रात्री मामीने कपाटातून वही काढली. ती बंद झालीच नव्हती. दोनशे एक ऑर्डरी तिच्यात सुवाच्य अक्षरात होत्या. सीझन वहीवर निघाला.

पुढच्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स शिकलो आणि ऑप्शनला टाकलेला प्रश्न परत समोर आला. दोनशेच्या ऐवजी हजाराचा ॲरे घेतला असता तर चाललं असतं का? चाललं असतं, हजार एकापर्यंत. आधी जागा ठरवायचीच नाही, लागेल तशी वाढवायची, हा खरा उपाय. सी मध्ये त्यासाठी तयार सोय नाही. सी प्लस प्लसमध्ये व्हेक्टर आहे, जावात ॲरेलिस्ट आहे, पायथॉनची तर साधी लिस्टच वाढते. सी मध्ये आपण तीन गोष्टी स्वतः सांभाळायच्या : जागेचा पत्ता म्हणजे पॉइंटर, त्यात किती मावतं, आणि आत्ता किती भरलंय. भरलेलं आणि मावणारं सारखं झालं की रिअलॉकला हाक मारायची.

रिअलॉकचं काम असं. आपण सांगायचं, हा जुना पत्ता, आता मला एवढी जागा पाहिजे. लागून पुढे मोकळी जागा असेल तर ते तिथल्या तिथे वाढवून देऊ शकतं. आमचं रोहा स्टेशन तसं आहे. कोकण रेल्वे येईपर्यंत लाइन तिथे संपायची. मग पुढे रूळ जोडले, १९९८ साली थेट मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरची पूर्ण लाइन सुरू झाली, पण रोहा होतं तिथेच राहिलं. पुढे जागा नसेल तर मात्र रिअलॉक दुसरीकडे मोठी जागा बघतं, सगळं सामान तिकडे हलवतं, जुनी जागा परत करून टाकतं आणि नवा पत्ता आपल्या हातात देतं. जागाच मिळाली नाही तर नल देतं आणि जुनं सामान जुन्या जागी सुखरूप राहतं. इथे आपली पोरं एक हमखास चूक करतात (मीही केली, सरांनी लाल पेनने गोल केला). रिअलॉकचं उत्तर थेट जुन्याच पॉइंटरमध्ये घेतात. नल आलं की जुना पत्ता पुसला गेला. सामान आहे, पण कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही! उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्यावं, नल नाही ना बघावं, मग जुन्यात टाकावं.

आणि किती वाढवायचं? दरवेळी एकेक जागा वाढवली आणि दरवेळी सामान हलवावं लागलं, तर पाचशे ऑर्डरींपर्यंत पोचेस्तोवर एकूण १,२४,७५० नोंदी इकडून तिकडे उचलाव्या लागतात. दहा-दहाने वाढवलं तर १२,२५०. आणि चौसष्टपासून सुरू करून दरवेळी दुप्पट केलं, तर ६४ अधिक १२८ अधिक २५६, म्हणजे ४४८ फक्त! दुप्पट करण्यात काही जागा रिकामी पडून राहते हे खरं, म्हणून जावाची ॲरेलिस्ट दीडपटीने वाढते. जीसीसीचा व्हेक्टर दुप्पट करतो. सरांनी हे फळ्यावर मांडलं तेव्हा मला मामीची दुप्पट पानांची वही आठवली आणि मी वर्गात एकटाच हसलो. सरांनी बाहेर काढलं नाही, हे नशीब.

तर २०२४ साली, दुरुस्त आवृत्ती घेऊन मी पुन्हा पेणला हजर. या वेळी खोट्या ऑर्डरी भरून पाहिल्या, पाचशे, हजार, पाच हजार. ठणठणीत. मामीला भीत भीत म्हटलं, आता चालेल. ती म्हणाली, ‘ऑर्डरी मी लिहीनच. पैशाचं तुझ्याकडे ठेव.’ इतकी मोठी पदवी मला अजून युनिव्हर्सिटीनेही दिलेली नाही.

रविवार, १८ ऑगस्ट. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. शेडमध्ये ही गर्दी. नागोठण्याचे एक आजोबा आले होते. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. त्यांची एक फुटी शाडूची मूर्ती, २,२०० रुपये, ५०० आधी दिलेले. आणखी १,००० द्यायला आले होते. मी त्यांची नोंद उघडली. तेवढ्यात मागून एक जण घाईघाईने पुढे आला, ‘भाऊ, माझी नवीन ऑर्डर घ्या ना पटकन, गाडी चुकेल.’ मी आजोबांना म्हटलं, ‘एक मिनिट हां.’ प्रोग्रॅममध्ये मी खास सोय केली होती, चालू नोंद न सोडता मधेच नवीन ऑर्डर घेता यायची. फार अभिमान होता मला त्या सोयीचा. नवीन ऑर्डर घेतली, परत आजोबांच्या नोंदीवर आलो, हजार जमा केले. स्क्रीनवर ‘जमा १,५००, बाकी ७००’ असं स्वच्छ दिसलं. आजोबांनाही दाखवलं. ते म्हणाले, ‘बरंय, वही फाटायची भीती नाय.’ चिठ्ठीवर आम्ही फक्त नंबर लिहायचो. पावती वगैरे काही नाही, पिढ्यान्पिढ्यांची गिऱ्हाइकं.

शुक्रवार, ६ सप्टेंबर, हरतालिका. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. आजोबा सकाळच्या गाडीने मूर्ती न्यायला आले, बरोबर दहा-बारा वर्षांचा नातू. मामा टेम्पोबरोबर गेलेला, मामी आत शेवटच्या मूर्तींच्या डोळ्यांच्या आखणीपाशी, टेबलावर मी एकटा आणि समोर वीस माणसं. नोंद उघडली. जमा ५००. बाकी १,७००.

आजोबांनी सातशे रुपये पुढे केले. मी म्हटलं, ‘आजोबा, सतराशे.’

‘हजार दिलेत ना पोरा मागल्या महिन्यात. तुझ्याच हातात दिले.’

मला काहीतरी आठवल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू, वाटलं. पण दिवसाला पन्नास माणसं येत होती, आणि स्क्रीनवर तर ५०० होते. मागच्या रांगेतून कोणीतरी ‘चला लवकर’ म्हणालं. आणि मी म्हणालो, ‘आजोबा, कॉम्प्युटर चुकत नाही.’

ते माझ्याकडे बघत राहिले. मग नातवाकडे बघितलं. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला, त्यात पाचशेच्या दोन नोटा होत्या. कागदावर कापूर, हळकुंड, सुपारी अशी सामानाची यादी होती. नोटा टेबलावर ठेवत म्हणाले, ‘असेल बाबा. माझंच विसरायला झालं असेल. वय झालं.’ नातू म्हणाला, ‘आबा, तुम्ही दिले होते.’ त्याला त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं. पाटावरचा गणपती उचलला, आणि गेले.

गणपती गेले, गौरी गेल्या. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी मामी हिशोबाला बसली. रोज रात्री गल्ला मोजून ती वहीत आकडा लिहायची, ‘माझ्या समाधानासाठी’. माझ्या प्रोग्रॅमची रोजची जमा आणि तिचा गल्ला, सगळे दिवस जुळले. एक सोडून. १८ ऑगस्ट, गल्ल्यात हजार जास्त.

मला टेबलावरच्या त्या दोन नोटा दिसायला लागल्या.

रोह्याला परत येऊन मी दोन रात्री तो प्रोग्रॅम उघडून बसलो. चूक सापडत नव्हती, कारण कितीही वेळा हजार जमा केले तरी ते जमा होत होते. शेवटी त्या दिवशी सकाळी किती ऑर्डरी होत्या ते बघितलं. २५६. गाडी चुकेल म्हणणाऱ्या माणसाची ऑर्डर होती दोनशे सत्तावन्नावी.

ज्यांना एव्हाना कळलं असेल त्यांनी मला हसून घ्यावं. बाकीच्यांसाठी सांगतो. आजोबांची नोंद उघडताना मी तिचा पत्ता एका पॉइंटरमध्ये धरून ठेवला होता. मधेच २५७ वी ऑर्डर आली, जागा भरलेली, रिअलॉकने २५६ ची ५१२ केली आणि सगळी वही दुसरीकडे हलवली. माझ्या हातात पत्ता मात्र जुना. परत येऊन मी हजार रुपये जमा केले ते जुन्या, सोडून दिलेल्या जागेत! स्क्रीनवरही मी त्याच जुन्या जागेतून वाचत होतो, म्हणून १,५०० दिसले. फाइलमध्ये सेव्ह झाली ती नवी जागा. तिथे आजोबांचे ५०० च होते. मी रिअलॉकच्या आधीचा आणि नंतरचा पत्ता प्रिंट करून बघितला. दोन वेगळे आकडे. ६५ व्या आणि १२९ व्या ऑर्डरीलाही हे होऊ शकलं असतं, पण तेव्हा कोणाची नोंद उघडी नव्हती. आणि मी टेस्टिंग केलं ते सरळ ओळीने ऑर्डरी भरून. मधे कोणाला थांबवून ठेवून कोण टेस्ट करतो?

याला डँगलिंग पॉइंटर म्हणतात, व्याख्या मला पाठ होती. मामाचा कारखाना पूर्वी जुन्या घराच्या पडवीत होता. शेडमध्ये हलवल्यावर पुढची दोन वर्षं लोक सवयीने पडवीतच यायचे. तिथे भाडेकरू राहायला आले होते. एका गिऱ्हाइकाने तर कोणी नाही बघून पाट तिथेच ठेवला आणि निघून गेला, आपली ऑर्डर लागली अशा खात्रीने. घर तेच, दार तेच. भाडेकरूंनी महिनाभर त्या पाटावर बादली ठेवली होती. ही गोष्ट आमच्याकडे दर गणपतीत सांगून हसतात आणि मीही हसत आलोय.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. पॉइंटर धरून ठेवायचा नाही, ऑर्डरचा नंबर धरायचा आणि लागेल तेव्हा त्या क्षणीच्या ॲरेत तो नंबर बघायचा. वही बदलली की पान बदलतं. मी फोन करून मामीला सांगितलं. ती म्हणाली, ‘ते राहू दे. त्यांचे पैसे कधी देतोस?’

पुढच्या शनिवारी नागोठण्याला उतरलो. मामीच्या वहीत फोन नंबर होता, घर विचारत विचारत गेलो. आजोबा ओटीवर विळा पाजत बसले होते. मी पाकीट पुढे केलं आणि पाठ करून आणलेलं सगळं विसरून गेलो. म्हटलं, ‘आजोबा, तुम्ही दिले होते. माझी चूक झाली.’

त्यांनी आत हाक मारली. ‘अरे, इकडे ये. ऐक काय म्हणतो हा.’ नातू बाहेर आला. ‘सांग त्याला परत,’ मला म्हणाले. मी परत सांगितलं. ऑर्डरी, जागा, पत्ता, जेवढं सांगता येईल तेवढं. आजोबांना त्यातलं किती कळलं माहीत नाही, पण सांगून झाल्यावर ते नातवाला म्हणाले, ‘बघ. मी विसरलो नव्हतो.’ एवढं दोनदा म्हणाले.

चहा झाला. पोह्याचा डबा बांधून दिला, नको म्हणायची सोय नव्हती. निघताना म्हणाले, ‘पुढल्या वर्षी पण एक फुटीच. शाडूचीच. लिहून घे.’

लॅपटॉप बरोबर नव्हता. तिकिटाच्या मागे लिहिलं.

‘नंबर कितवा?’ नातवाने विचारलं.

म्हटलं, ‘पहिला.’